डोंगराआधीची नदी

डोंगरावर पडलेलं पाणी डोंगराच्या दोन्ही अंगांना उतरतं. हे आपण शाळेत सह्याद्रीवरून शिकलो. महाबळेश्वरी पडलेल्या पावसातला काही कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराकडे जातो, काही सावित्रीवाटे अरबी समुद्राकडे. डोंगराचा माथा हीच पाण्याची वाटणी. हा नियम मनाशी धरून हिमालयाच्या नकाशावरून बोट फिरवत गेलं, की मध्य नेपाळात ते अडखळतं. तिथे धौलागिरी आहे, ८,१६७ मीटर, उंचीत जगात सातवं शिखर. त्याच्या पूर्वेला सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटरवर अन्नपूर्णा आहे, ८,०९१ मीटर, दहावं. आणि या दोघांच्या मधून, त्यांच्या पाठीमागच्या कोरड्या मुलखात उगम पावलेली एक नदी बिनदिक्कत दक्षिणेला निघून जाते. तिचं नाव काली गंडकी.

ती उगवते मुस्तांगमध्ये, तिबेटच्या सीमेलगत. तिथली कोरा ला ही खिंड ४,६६० मीटरवर आहे. म्हणजे पाण्याची खरी वाटणी होते ती या महाशिखरांच्या बरीच उत्तरेला आणि त्यांच्याहून साडेतीन हजार मीटर खाली. जगातली सर्वांत उंच डोंगररांग, पण पाण्याच्या हिशेबात तिला मोजतच नाहीत. पाणी चढण चढत नाही हे तर पक्कं. मग या भिंतीतून ते पार झालं कसं?

याचं सगळ्यांत सरळ उत्तर असं, की नदी वाहू लागली तेव्हा भिंत नव्हतीच. भारताचा भूखंड सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन भिडला. मधल्या टेथिस समुद्राचा तळ चुरगळला, घड्या पडत वर आला आणि त्या उंचवट्यावरून दक्षिणेकडे नद्या वाहू लागल्या. आज दिसणारी उंच शिखरांची रांग त्यानंतर, त्या नद्यांच्या वाटेत वर येत गेली. लाकूड कापणारा करवत लाकडात खाली नेतो. इथे करवत एका जागी धरलेली आणि लाकूडच खालून वर सरकवलेलं. जमीन जितकी वर आली तितकी नदीनं ती कापली, आणि स्वतःची पातळी सोडली नाही. ज्या नद्यांना हे जमलं नाही त्या अडल्या, वळल्या किंवा दुसरीला जाऊन मिळाल्या. ज्यांना जमलं त्यांना भूशास्त्रज्ञ ‘पूर्ववर्ती’ नद्या म्हणतात. सिंधू, सतलज, नेपाळच्या पूर्व भागातली अरुण आणि ही काली गंडकी, ही त्यांची नेहमीची उदाहरणं. एल. आर. वेजर या ब्रिटिश भूशास्त्रज्ञानं १९३७ साली अरुण नदीवर निबंध लिहून हा युक्तिवाद नीट मांडला. हे वेजर नुसते टेबलाशी बसणारे नव्हते. १९३३च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते साडेआठ हजार मीटरच्या आसपास पोचले होते.

सगळ्यांना हे मान्य आहे असं मात्र नाही. काहींच्या मते दक्षिण उतारावरच्या धो-धो पावसात वाहणाऱ्या नद्या डोंगर पोखरत मागे-मागे सरकल्या आणि अखेर पलीकडच्या नद्यांचं पाणी त्यांनी पळवलं. हा प्रकार आपल्याला परका नाही. कोकणातल्या नद्या सह्याद्रीचा कडा असाच मागे खात आल्या आहेत. काली गंडकीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. घळईच्या उत्तरेला, थाकखोला नावाच्या पट्ट्यात, जमीन उत्तर-दक्षिण भेगांवरून खचलेली आहे आणि त्या खोलगटात सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीपासूनचा नद्या-तळ्यांचा गाळ साठलेला आहे. नदी नेमकी याच जागी का, याचं निम्मं उत्तर त्या भेगांत असावं. मला स्वतःला दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी वाटत नाहीत. भेगेनं जागा दाखवली, नदीनं ती सोडली नाही आणि पावसानं धार दिली, इतकं मानलं तर घळईतलं बरंच काही उलगडतं.

आता या वाटेवरच्या एका पाटीबद्दल. दाना आणि घासा या गावांच्या मध्ये घळई सर्वांत चिंचोळी होते. या टप्प्याला नेपाळीत ‘अंध गल्छी’ म्हणतात. ही ‘जगातली सर्वांत खोल घळई’ असं सांगणाऱ्या पाट्या आणि पत्रकं वाटेत भेटतातच. हिशेब असा: दोन शिखरांच्या मधोमध नदीचं पात्र अडीच हजार मीटरच्या थोडं वर आहे, अन्नपूर्णेचा माथा ८,०९१ मीटर, वजाबाकी साडेपाच हजार मीटर. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनची खोली जेमतेम अठराशे मीटर, तेव्हा आकडा दणदणीत आहे. पण या खोलीचा काठ कुठे धरायचा? ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभं राहून खाली बघता येतं. इथे काठ म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर आत असलेलं बर्फाचं शिखर! शिवाय तिबेटात नामचा बरवा शिखराला वळसा घालणारी यारलुंग त्सांगपो, म्हणजे आपली ब्रह्मपुत्रा, याच मोजपट्टीनं आणखी खोल भरते. माझं मत विचाराल तर पाटीसमोर फोटो काढून पुढे निघावं. इतक्या उंच भिंतीला आरपार एकच वाट आहे, हे त्या आकड्याहून मोठं आहे. वारा, ढग, पक्षी, यात्रेकरू, आणि एके काळी मीठ, सगळ्यांची वाट हीच फट.

घळईची वाट सुरू होते पोखऱ्याहून. पोखरा सव्वाआठशे मीटरवर. बागलुंगवरून बेनीला यायचं, तिथे म्याग्दी नदी काली गंडकीला मिळते, आणि मग नदीच्या काठाकाठानं उत्तरेला. पूर्वी हा सगळा पायी रस्ता होता. गेल्या पंधरा-वीस वर्षांत बेनी–जोमसोम मोटाररस्ता झाला. त्यानं गावांना गॅस सिलिंडर आणि दवाखाना जवळ आणला, आणि पायी येणाऱ्यांना धूळ दिली. जुने पदयात्री त्या रस्त्याच्या नावानं खडे फोडतात. सफरचंदाच्या पेट्या पाठीवरून वाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, एवढं म्हणून हा विषय सोडतो.

तातोपानी हे गाव ११९० मीटरवर. नावाप्रमाणे इथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि नदीकाठच्या कुंडात अंग शेकत बसलेले ड्रायव्हर, गाववाले आणि परदेशी पाहुणे सारख्याच निवांत चेहऱ्यानं दिसतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीची आठवण मराठी माणसाला हमखास होते. इथल्या झऱ्यांचं कारण जवळच आहे. दाना गावाच्या परिसरात एक फार मोठा प्रस्तरभंग जातो, हिमालयाचे खोल पोटातले खडक ज्यावरून सरकत दक्षिणेकडच्या खडकांवर चढले तो. तिथला खडक वेगानं वर येतोय, म्हणून कमी खोलीवरच गरम आहे. पावसाचं पाणी भेगांतून आत उतरतं, तापतं आणि परत येतं. दान्याजवळच रुप्से धबधबा आहे, तोही पाहण्याजोगा, पण गाडीवाले तिथे चहाला थांबतातच, तेव्हा त्याचं वेगळं वर्णन नको.

पुढचे दोन-तीन तास खिडकीबाहेर नीट बघत बसावं. कातळात कोरून काढलेला रस्ता, खाली राखाडी पाण्याचा खळाळ, समोरच्या कड्यावरून सुटलेल्या पाण्याच्या धारा, आणि वर आभाळाची एक पट्टी. या टप्प्यात नदी थोड्या अंतरात हजारभर मीटर उतरते. इथला खडक टणक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली घडलेला पट्टिताश्म. तो वेगानं वर येतोय आणि नदीही इथेच सर्वांत जोरात कापतेय. म्हणून घळई इथेच चिंचोळी. कालोपानीच्या आसपास खडक बदलतो. वरच्या बाजूला टेथिस समुद्राच्या तळाचे थर सुरू होतात: चुनखडक, वालुकाश्म, आणि पुढे काळा शेल. धौलागिरीचा माथाही समुद्रात साठलेल्या चुनखडकाचाच आहे. आठ हजार मीटरवर समुद्राचा तळ, आणि त्याखाली नदीच्या पातळीला पृथ्वीच्या पोटातला खडक. भूशास्त्राची पदवी घेणाऱ्यांना जो छेद फळ्यावर काढून दाखवतात तो इथे एका दिवसाच्या गाडीप्रवासात उघडा पडलेला आहे.

झाडंही त्याच दिवसात बदलतात. तातोपानीला केळी आणि संत्री. घाशाच्या वर पाइन. टुकुचेला खुरटी जुनिपरं, आणि कागबेनीला पोचेपर्यंत डोंगर उघडे, तपकिरी आणि तांबूस, लडाखची आठवण यावी असे. पोखऱ्याजवळच्या लुमले या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. नेपाळातलं ते सर्वांत ओलं नोंदकेंद्र. तिथून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर उत्तरेला जोमसोम, तिथला पाऊस तीनशे मिलिमीटरच्याही आत. महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्यात जो फरक आहे तोच, पण त्याहून तीव्र. नैर्ऋत्येचे ढग अन्नपूर्णेच्या दक्षिण अंगावर रिते होतात. फटीतून जे निसटतात त्यांच्यात फारसा जीव उरलेला नसतो.

फटीतून जे पूर्ण ताकदीनं येतं ते म्हणजे वारं. जोमसोमला पहाटे उठून बाहेर आलात तर पान हलत नाही. निलगिरीचं ७,०६१ मीटरचं शिखर गावाच्या डोक्यावर स्वच्छ उभं असतं आणि छोट्या धावपट्टीवर पोखऱ्याहून आलेली विमानं एकामागोमाग एक उतरत असतात. घाई कशाची, हे कळायला दहा-साडेदहा वाजावे लागतात. आधी मंदिरांवरच्या पताका हलतात. मग नदीच्या पात्रातून धुळीची पहिली गिरकी उठते. अकरानंतर झुलत्या पुलावरून जाणारा माणूस एका हातानं टोपी आणि एका हातानं तार धरून तिरका चालायला लागतो, आणि दुपारी उत्तरेकडून येणारा मोटारसायकलवाला वाऱ्याला खांदा देऊन गाडी सरळ ठेवतो. वेग ताशी पन्नास ते सत्तर किलोमीटर. हे वादळ नाही, इथला रोजचा परिपाठ आहे. विमानतळ त्याआधी बंद होतो आणि सकाळचं विमान चुकलं तर उद्या, किंवा जीप.

कारण असं. मुस्तांग आणि त्यामागचं तिबेटचं पठार उंच, कोरडं, उघडं. सूर्य वर आला की ते झपाट्यानं तापतं, तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडची जड हवा ओढली जाते. पण मध्ये आठ हजारी भिंत. सगळी हवा या एका वाटेनं घुसते, आणि चिंचोळ्या जागेतून बाहेर पडली की जोमसोम–कागबेनीच्या टप्प्यात तिचा वेग सर्वांत वाढतो. १९९८ साली जर्मन हवामान-अभ्यासकांनी इथे फुगे सोडून हे वारे थराथरांनी मोजले. एक गमतीची गोष्ट त्यात आढळली. बहुतेक डोंगरी दऱ्यांत दिवसा वारं वर चढतं आणि रात्री उलट खाली उतरतं. इथे रात्रीचा परतीचा वारा अगदीच क्षीण. हवा येते धावत, आणि परतीला त्या वाटेनं फारशी येत नाही.

गावं या वाऱ्याला ओळखून बांधलेली आहेत. मार्फा त्यात सर्वांत देखणं. दगडी, चुन्यानं पांढरी केलेली घरं एकमेकांना खेटून, गल्ल्या अरुंद आणि वळणाच्या, वाऱ्याला सरळ धाव मिळू नये अशा. फरशीखालून गटार वाहतं आणि त्याचा आवाज चालताना पायाखाली येत राहतो. सपाट धाब्याच्या कडेनं सरपण रचून ठेवलेलं. ते जळण तर आहेच, शिवाय घराची ऐपतही त्यावरून मोजतात. इथली सफरचंदं प्रसिद्ध आहेत. १९६०च्या दशकात पासांग खांपाचे शेर्पा या माणसानं इथे सरकारी फळबाग उभी केली. त्याआधी तो डेव्हिड स्नेलग्रोव्ह या तिबेटविद्या-अभ्यासकाचा वाटेवरचा सोबती होता. आज मार्फ्याला सफरचंदाची वाळवलेली चकती, जॅम, पाई आणि ब्रँडी, सगळं मिळतं. चकत्या घ्याव्यात. पाई ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर.

टुकुचे हे गाव आता शांत आहे, पण त्याची मोठी चौसोपी घरं वेगळंच सांगतात. ती मिठाची कोठारं होती. तिबेटच्या खाऱ्या तळ्यांचं मीठ याक आणि खेचरांच्या पाठीवर उत्तरेकडून यायचं, दक्षिणेकडून तांदूळ आणि इतर धान्य वर जायचं, आणि अदलाबदल टुकुचेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मिठाच्या जकातीचा मक्ता थकाली व्यापाऱ्यांच्या हाती आला आणि त्या घराण्यांनी दोन-तीन पिढ्या पैसा केला. मग दक्षिणेकडून भारतातलं समुद्राचं स्वस्त मीठ पोचू लागलं, आणि १९५९नंतर तिबेटची सीमा आवळली गेली. थकाली लोक पोखरा, काठमांडूकडे उतरले आणि खानावळी काढल्या. आज नेपाळात कुठेही ‘थकाली खाना’ म्हणून जे ताट मिळतं, भात, काळी डाळ, गुंद्रुक, लोणचं, वर तुपाची धार, त्याचं मूळ या मिठाच्या वाटेवर आहे.

याच टुकुचेत १९५० साली मोरिस हर्झोगच्या नेतृत्वाखाली फ्रेंच गिर्यारोहकांनी मुक्काम टाकला. धौलागिरी किंवा अन्नपूर्णा, जमेल ते चढायचं असा बेत. धौलागिरी पाहून त्यांनी हात टेकले. अन्नपूर्णा तर सापडेचना! हातातले नकाशे चुकीचे होते, आणि घळईच्या तळाशी उभं राहिलं की निलगिरीची भिंत तिला झाकून टाकते. कित्येक दिवस नुसतं शोधण्यात गेले. अखेर मिरिस्ती खोऱ्यातून वाट मिळाली आणि ३ जूनला हर्झोग आणि त्याचा सोबती लाशनाल शिखरावर पोचले. आठ हजार मीटरवरच्या शिखरावर माणसाचं ते पहिलं पाऊल. परतीत दोघांची बोटं हिमदंशानं गेली.

टुकुचे-जोमसोमच्या दरम्यान नदीचं पात्र अचानक अर्धा-पाऊण किलोमीटर रुंद, सपाट, गोट्यांनी भरलेलं दिसतं. एवढ्या खोल घळईच्या डोक्यावर असं मैदान कसं? फार पूर्वी कालोपानीच्या बाजूला डोंगराचा एक प्रचंड भाग कोसळला, नदी तुंबली आणि वर मार्फ्यापर्यंत सरोवर झालं. त्यात बसलेला गाळ आजही कडेच्या उतारांवर थराथरांनी दिसतो. हे जुनं झालं म्हणावं तर २४ मे २०१५ची गोष्ट आहे. एप्रिलच्या भूकंपानंतर महिन्याभरानं बेनीच्या वर बैसरी इथे दरड कोसळली आणि काली गंडकी अडली. मागे दोन-अडीच किलोमीटर लांबीचा तलाव भरला, खालची गावं रिकामी करण्यात आली, बेनीपासून दूर बिहारपर्यंत धास्ती पसरली. पंधरा-एक तासांनी पाण्यानं दरडीवरून वाट काढली, सुदैवानं हळूहळू. नदी डोंगर कापते तेव्हा तळ खोल होतो, कडे उभे राहतात, आणि उभे कडे कधीतरी पडतातच. घळई रुंद होते ती अशी. पावसाळ्यात इथे येऊ नये, ते याचसाठी.

कागबेनीला घळई संपते. झोंग नदी मुक्तिनाथकडून येऊन इथे मिळते. या संगमावर श्राद्धं होतात, आणि इथून पुढे वरच्या मुस्तांगला जायला वेगळा, महागडा परवाना लागतो. मराठी माणसाचं या नदीशी असलेलं जुनं नातंही इथेच हातात येतं, अगदी शब्दशः. शाळिग्राम.

कागबेनीच्या वाटेवर दुतर्फा दुकानं मांडलेली असतात. एका दिदीपाशी काळ्या गोट्यांची रास होती, लिंबापासून नारळाएवढ्या. तिनं त्यातला एक उचलला, बाजूनं फिरणारी बारीक रेघ नखानं दाखवली आणि दगडावर ठेवून हातोडीचा हलका ठोका दिला. आमच्या गाडीतल्या सोलापूरच्या आजी ओरडल्या, “अगं बाई, देव फोडतेस की काय!” गोटा दोन भागांत उघडला. एका भागात गुंडाळलेला शंख, बाहेरच्या वेढ्यावर एकाआड एक बारीक कंगोरे, आत-आत लहान होत गेलेले वेढे. दुसऱ्या भागात त्याचाच हुबेहूब ठसा. मध्यभागी कणभर सोनेरी चमक. ती पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाची. अशी चमक असलेल्या शाळिग्रामाला परंपरेत हिरण्यगर्भ म्हणतात. आजींनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि दिदीला म्हणाल्या, “न फोडलेला दे.” फोडलेला शाळिग्राम पूजेत चालतो की नाही यावर मग गाडीत मुक्तिनाथ येईपर्यंत चर्चा झाली. शास्त्र सांगणाऱ्यांचंही यावर एकमत नसल्यामुळे ती मिटली नाही.

तो शंख आहे ॲमोनाइटचा. माखला आणि ऑक्टोपस यांचा हा नामशेष भाऊबंद टेथिस समुद्रात पोहायचा. कवचात ओळीनं कप्पे, शेवटच्या कप्प्यात प्राणी, मागच्यांत वायू, त्यामुळे तरंगणं सोपं. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी मेलेले ॲमोनाइट तळाच्या काळ्या, प्राणवायू कमी असलेल्या चिखलात गाडले गेले. सडणाऱ्या देहाभोवती चिखलातली खनिजं साकळली आणि एक टणक गोटा तयार झाला. चिखलाचा पुढे पापुद्र्यांचा काळा शेल झाला. स्पितीत तो प्रथम नीट अभ्यासला गेला म्हणून त्याला स्पिती शेल म्हणतात. हा शेल ठिसूळ. मुक्तिनाथच्या आणि त्यावरच्या खोऱ्यांत तो झिजतो, गोटे सुटतात, ओढ्यांतून नदीत येतात आणि घासून गुळगुळीत होतात. पावसाळा उतरला की गावकरी पात्रात शाळिग्राम शोधायला जातात, ते नवा माल आलेला असतो म्हणून.

पुराणकथा सांगते, की जालंधराची पत्नी वृंदा हिला विष्णूनं फसवलं, तिनं त्याला दगड होण्याचा शाप दिला, ती स्वतः तुळस झाली आणि तो गंडकीत शाळिग्राम. कार्तिकात आपल्या अंगणात तुळशीचं लग्न लागतं त्यामागे ही कथा आहे. दगडावरचं चक्र वज्रकीट नावाच्या किड्यानं कोरलं असंही परंपरा मानते. चक्राशी एका जीवाचा संबंध आहे इतकं त्यात बरोबर आहे. यावरून ‘पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं’ म्हणत उड्या मारायचं कारण नाही. माणसानं दगड लक्षपूर्वक पाहिला होता, एवढं पुरे.

आपल्याकडच्या पंचायतनाची रचनाही या संदर्भात बघण्यासारखी. विष्णू म्हणून गंडकीचा शाळिग्राम, शिव म्हणून नर्मदेचा बाण, गणपती म्हणून शोण नदीचा तांबडा गोटा. देवघराच्या एका ताम्हनात तीन नद्यांचे दगड, आणि तिन्ही आपल्या गावापासून लांबचे. ते आले यात्रेकरूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून. वयाचा हिशेबही करून पाहावा. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा; त्याचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास जगातले शेवटचे ॲमोनाइट संपले. म्हणजे वाईच्या किंवा राजापूरच्या वाड्यातला शाळिग्राम त्या वाड्याच्या पायाखालच्या डोंगराहून दुपटीहून जास्त जुना. हिमालयाचं तर तेव्हा नावही नव्हतं. विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना: बाजारात कोरीव चक्रांचे नकली गोटेही सर्रास मिळतात. अगदी आखीव, दोन्ही बाजूंना सारखं चक्र दिसलं तर हात आखडता घ्यावा.

मुक्तिनाथ कागबेनीच्या वर, ३,७०० मीटरच्या पुढे. १०८ धारा, नैसर्गिक वायूवर जळणारी ज्वाला, हिंदू आणि बौद्ध दोघांचंही तीर्थ. देवळाच्या देखभालीत बौद्ध भिक्षुणींचा परंपरागत वाटा. महाराष्ट्रातून इथे दरवर्षी बसच्या बस येतात, आणि त्यांत साठीच्या पुढचे बरेच. सहल कंपन्यांच्या घाईबद्दल इथे स्पष्ट बोललं पाहिजे. पोखरा सव्वाआठशे मीटरवर. सकाळी तिथून निघून त्याच दिवशी पावणेचार हजारांवर चढणं हा शरीरावर अत्याचार आहे. तिथल्या हवेत समुद्रसपाटीच्या मानानं दोन-तृतीयांशाहूनही कमी प्राणवायू मिळतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, ही सुरुवात. श्वास पडल्या पडल्या लागू लागला किंवा चालताना तोल जाऊ लागला तर वाट न पाहता खाली उतरायचं, ‘दर्शन घेऊन मग’ नाही. मार्फा किंवा जोमसोमला एक रात्र काढली तर बहुतेकांचं निभावतं. रक्तदाब, दमा, हृदयविकार असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरला विचारावं. १०८ धारांखाली उघड्या अंगानं धावण्याचा उत्साहही बेतानं, पाणी बर्फाचं आहे.

सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर मान वर ठेवावी. कांड्या करकोचे या दिवसांत मध्य आशियाकडून भारतात उतरतात आणि हजारोंचे थवे ही घळई धरतात. सकाळच्या उन्हानं कडे तापले की वर चढणाऱ्या हवेत ते गिरक्या घेत उंची मिळवतात, मग रांग धरून दक्षिणेला सरकतात. दुपारचं वारं नेमकं त्यांच्या तोंडावर येतं, म्हणून कित्येकदा थवा माघारी फिरून पात्रात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करतो. वर सोनेरी गरुड टपलेले असतात. राजस्थानात फलोदीजवळ खिचन गावात हिवाळाभर धान्य टिपणारे करकोचे हेच. महाराष्ट्रातल्या मोठ्या जलाशयांवरही त्यांचे छोटे थवे येतात.

जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला, नाहीतर मार्च-एप्रिल. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो. तो पोखऱ्यात मिळतो आणि भारतीयांना परदेशी पाहुण्यांपेक्षा बराच स्वस्त पडतो. विमान घेतलंच तर ते जाताना न घेता येताना घ्यावं. जाताना रस्त्यानं गेलं की खडक, झाडं आणि हवा बदलताना दिसतात, आणि शरीरालाही उंचीची सवय होते. सगळा रस्ता जीपमध्ये काढू नये. लार्जुंग ते कालोपानी हा टप्पा पायी करण्यासारखा आहे. नदीच्या पूर्व काठानं जुनी पायवाट जाते, तिच्यावर गाड्या नाहीत, चढ बेताचा, आणि धौलागिरीची हिमनदी समोरच्या अंगाला लोंबताना दिसते. कालोपानीला मुक्काम करावा. पश्चिमेला धौलागिरी, पूर्वेला निलगिरी, आणि तिच्या बाजूच्या फटीतून फ्रेंचांना न सापडलेली अन्नपूर्णा, असं दोन्ही काठांचं दर्शन तिथे एका अंगणातून होतं. त्यासाठी पहाटे साडेपाचला उठावं लागतं, कारण आठ-नऊनंतर ढग चढू लागतात. खोली सांगताना खिडकी कोणत्या बाजूला आहे हे विचारून घ्यावं.